अकरा बावीसला पडलेला निशाणवाला

पोस्टिंग ऑर्डर मला स्वयंपाकघरात मिळाली. जानेवारीतला गुरुवार, सकाळचे सात दहा. माझी मुलगी मंजिरी सिंकपाशी उभी राहून प्लॅस्टिकचा कचरा धुऊन वेगळा करत होती, कारण आमच्याकडे तो गुरुवारीच नेतात आणि आठनंतर ठेवला तर शेजारचे लोक काही बोलत नाहीत, नुसते बघतात. दह्याचा डबा विसळता विसळता ती म्हणाली, "आई, आमच्या ग्रुपच्या मेडिकची टोकियोला बदली झाली. मार्चमध्ये तू येशील?"

मी विचारलं, "ड्युटी काय?"

"एक दिवसाची. लढाई आहे."

आता आधी माझी ओळख करून देते. मी मेजर, निवृत्त. अठ्ठावीस वर्षं मिलिटरी नर्सिंगमध्ये काढली. गाव गडहिंग्लजजवळ. मिस्टर गेल्यावर मंजिरीने मला कोबेला आणलं. ती आणि जावई दोघंही इथल्या एका संशोधन संस्थेत आहेत, प्रोटीनवर काम करतात. काय करतात ते त्यांनी मला तीनदा समजावलं आणि तीनदा मी मान डोलावली. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, डावा गुडघा दुखतो, बाकी शिपशेप.

तर ही लढाई. कोबे-ओसाकाकडचे ऐंशीएक लोक, कोणी बँकेत, कोणी शाळेत, दोघं दाताचे डॉक्टर, वर्षभर घरात बसून चिलखतं बनवतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी डोंगरावरच्या एका माळावर जमून इंग्लंडमधली साडेपाचशे वर्षांपूर्वीची लढाई लढतात. तलवारी बोथट, बाणांना रबराची टोकं. माझी मुलगी, पीएचडी, त्यात लाल बाजूची तिरंदाज. मला हे दोन वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, रविवारी ती योगाला जाते.

इतिहास मी शाळेत शिकले तेवढाच. पण ड्युटी घेतली म्हणजे ग्राउंडचा अभ्यास करायचा, ही सवय. मंजिरीने पुस्तकं आणून दिली. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण मी डिक्शनरी घेऊन बसले आणि फेब्रुवारी संपेपर्यंत दोन वाचून काढली. थोडक्यात सांगते. लँकेस्टर आणि यॉर्क ही दोन घराणी. मूळपुरुष एकच, एकाच राजाचे वंशज. म्हणजे आपल्याकडे ज्याला भाऊबंदकी म्हणतात, ती. फक्त बांधावरून नव्हे, सिंहासनावरून. तीस वर्षं अधूनमधून लढत राहिले. लँकेस्टरचा लाल गुलाब, यॉर्कचा पांढरा. लाल बाजूचा राजा देवभोळा, डोक्याने थकलेला, सगळं त्याची राणी बघायची. पांढऱ्या बाजूचा राजा अठरा वर्षांचा, सहा फुटांच्या वर उंच, स्वतः पायदळात उतरून लढणारा. त्यांची सगळ्यात मोठी लढाई टाउटन नावाच्या खेड्यापाशी झाली. ईस्टरच्या आधीचा रविवार, बर्फ पडत होता.

त्या लढाईत एक गोष्ट मला फार आवडली. पांढऱ्या बाजूच्या एका म्हाताऱ्या सरदाराने वारा बघितला. वारा त्याच्या पाठीकडून होता. त्याने तिरंदाज पुढे आणले, एक फैर सोडली आणि त्यांना मागे घेतलं. लाल बाजूला बर्फामुळे समोरचं काही दिसेना. त्यांनी भाते रिकामे केले, पण वाऱ्यात त्यांचे बाण अलीकडेच पडले. मग म्हातारा पुढे आला, आपल्या बाणांबरोबर जमिनीतले त्यांचे बाणही उपटले आणि त्यांच्यावरच सोडले. तोफ नाही, रेडिओ नाही, नुसता वारा. मी अठ्ठावीस वर्षं ऑफिसर लोकांची आखणी ऐकली आहे. इतकी साधी क्वचित ऐकली.

हे सगळं मला नीट समजावलं ते ओकुबोसाननी (सान म्हणजे आपलं 'जी'). वय बहात्तर. छत्तीस वर्षं हायस्कूलला जगाचा इतिहास शिकवून निवृत्त झालेले, बारीक, ताठ, आवाज हळू. ग्रुप त्यांनीच काढला. लढाईचं स्क्रिप्ट त्यांनीच लिहिलं होतं, मिनिटामिनिटाचं. अकराला बाण, अकरा पंधराला लाल बाजू चाल करणार, अकरा चाळीसला लाल निशाणवाला पडणार, अकरा पंचावन्नला लाल बाजू फुटणार, बारा दहाला शेवटचा भोंगा. लाल निशाणवाला ते स्वतः. म्हणजे दरवर्षी हरणाऱ्या बाजूचे. मी विचारलं, असं का. ते इंग्रजीत म्हणाले, "जिंकणाऱ्यांचं निशाण कोणीही धरेल, मेजरसान."

त्यांनी मला हेही सांगितलं की जपानी मुलांना ही लढाई पटकन कळायची, कारण इथेही आठशे वर्षांपूर्वी दोन घराणी अशीच लढली होती, एकाचे झेंडे लाल, एकाचे पांढरे, आणि त्यातली एक मोठी झुंज ह्याच कोबेच्या किनाऱ्यावर झाली. अजून शाळेच्या खेळांत लाल आणि पांढऱ्या अशाच तुकड्या पाडतात.

फेब्रुवारीच्या शेवटी मी सगळ्यांची मेडिकल तपासणी घेतली. आधी कोणी घेत नव्हतं. मी म्हटलं, मी असताना तपासणीशिवाय कोणी माळावर पाऊल टाकणार नाही. एका कम्युनिटी हॉलमध्ये रांग लावली. काय रांग ती! कोणी पुढे घुसत नाही, कोणी माझा नंबर कुठला विचारत नाही, प्रत्येकाने बाही आधीच वर केलेली. मला आमच्या युनिटचे जवान आठवले. तेही शिस्तीचे, पण इंजेक्शनच्या दिवशी अर्धे बाथरूममध्ये सापडायचे.

ओकुबोसानच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता. त्यांनी लपवलं नाही, डॉक्टरांचं पत्र आणलं होतं. चालायला हरकत नाही, जोराचे श्रम नकोत, असं त्यात होतं. बीपी एकशे अडतीस, चौऱ्याऐंशी. नाडी नियमित. मी खूप वेळ विचार केला. मंजिरी दुभाष्या म्हणून शेजारी बसली होती. ती मराठीत हळूच म्हणाली, "आई, त्यांना नाही म्हणू नकोस. वर्षभर ते ह्या दिवसासाठी जगतात."

"वर्षभर जगतात म्हणूनच विचार करतेय," मी म्हटलं.

शेवटी मी त्यांना लो मेडिकल कॅटेगरी दिली. निशाण धरायचं, धावायचं नाही, चिलखत फक्त छातीचं, डोक्याला लोखंड नाही, सकाळी परत तपासणी. त्यांनी प्रत्येक अट वहीत उतरवून घेतली. मी फॉर्मवर लिहिलं, फिट, लाइट ड्युटी, आणि सही केली. ही सही लक्षात ठेवा. त्या दिवशी जे झालं त्याची जबाबदारी त्या सहीवर होती, दुसऱ्या कोणावर नाही.

मार्चचा तो रविवार. सकाळी सहा चाळीसला स्टेशनवर जमलो. आधी ट्रेन, मग बस. आठ पाचला माळावर. तापमान तीन. थोडा भुरभुर बर्फ पडत होता आणि सगळे त्यामुळे अतिशय खूश होते. टाउटनला पडला होता ना, म्हणून. मी एका उंचवट्यावर फर्स्ट एड पोस्ट मांडली. स्ट्रेचर एक, ब्लँकेट सहा, खालच्या केबिनमध्ये एईडी, म्हणजे हृदयाला शॉक द्यायचं मशीन, एक. वॉकीटॉकी दोन. एक माझ्याकडे, एक मार्शलकडे.

मार्शल म्हणजे हायाशीसान, पन्नाशीच्या बाई, बंदरातल्या एका ऑफिसात नोकरी. आठवडाभर मी त्यांना रेडिओवर बोलायची पद्धत शिकवली होती, आपलं बोलणं संपलं की शेवटी "ओव्हर" म्हणायचं वगैरे. त्या घरी भांडी घासतानासुद्धा नवऱ्याला "ओव्हर" म्हणायला लागल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं.

दोन नियम सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. पहिला: खरंच कोणाला लागलं, तर त्याने किंवा बघणाऱ्याने "होल्ड" ओरडायचं, की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. दुसरा: लढाईत जो मेला त्याने पडायचं, शस्त्र शेजारी ठेवायचं आणि शेवटच्या भोंग्यापर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. ओकुबोसान म्हणायचे, मेलेल्यांचा मान मेलेल्यांनीच राखला पाहिजे. आणि हे लोक तो राखायचे. आपल्याकडे असतं तर दोन मिनिटांत मेलेला उठून बसला असता आणि चहा आलाय का विचारलं असतं. इथे नाकावर बर्फ पडला तरी कोणी पुसत नाही.

नऊ पंधराला मी ओकुबोसानना परत तपासलं. बीपी थोडं वर, पण थंडीत सगळ्यांचंच होतं. मी विचारलं, छातीत काही? दुखणं, जड वाटणं?

ते म्हणाले, "दाइजोबु."

म्हणजे, मी ठीक आहे. मी पुढच्या माणसाकडे वळले.

बरोबर अकराला लढाई सुरू झाली. खरं सांगते, अंगावर काटा आला. पांढरे वाऱ्याच्या बाजूने, लाल समोर. बाण उडाले. लालांचे खरंच अलीकडे पडले, कारण वारा खरंच तिकडूनच होता. मंजिरी पहिल्या रांगेत. तिची धनुष्याची ओढ बघून मला वाटलं, ही मुलगी आमच्या खात्यात आली असती तर. अकरा पंधराला लाल बाजू चालून गेली. पत्रे वाजायला लागले, आरडाओरडा, काही जण पडायला लागले. मधोमध लाल निशाण, त्याखाली ओकुबोसान, पावलं मोजून चाललेले. धावले नाहीत. मी बघत होते.

अकरा बावीसला निशाण त्यांच्या हातातून मंजिरीच्या हातात गेलं.

मी दुर्बिणीतून पाहिलं. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला, काहीतरी बोलले, काठी तिच्या हातात दिली, ती नीट धरेपर्यंत सोडली नाही. मग गुडघ्यावर बसले, तलवार उजव्या बाजूला सरळ ठेवली आणि आडवे झाले. मंजिरी निशाण घेऊन पुढे तोंड करून उभी राहिली. तिने करायला हवं तेच केलं. निशाण मिळालं की मागे बघायचं नसतं.

सगळं इतकं शिस्तीत झालं की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कोणाच्या तरी बायकोने हळूच टाळ्या वाजवल्या.

मी क्लिपबोर्ड बघितला. निशाणवाला पडण्याची वेळ अकरा चाळीस. घड्याळात अकरा बावीस.

आता दुसऱ्या कोणत्याही देशात मी म्हटलं असतं, असेल, लवकर दमले असतील. पण हा माणूस जपानी, त्यातून शिक्षक, त्यातून स्क्रिप्ट त्याने स्वतः लिहिलेलं. ज्या देशात ट्रेन एक मिनिट उशिरा आली तर स्टेशनवर माफी मागतात, तिथला हा माणूस अठरा मिनिटं आधी मरणार नाही. मी वॉकीटॉकी उचलला.

"मार्शल, मेडिक. ओव्हर."

"मेडिक, मार्शल. सेंड."

"लाल निशाणवाला डाउन. स्क्रिप्ट बदललं? ओव्हर."

मी दुर्बीण परत डोळ्यांना लावली. मग, "नेगेटिव्ह. नो चेंज. ओकुबोसान... अर्ली. ओव्हर."

"होल्ड द्या. मी आत जातेय. एईडी पाठवा, अँब्युलन्स बोलवा. आउट."

मी उंचवट्यावरून उतरले. गुडघ्याचं काय झालं ते मला आठवत नाही. भोंग्याचे तीन छोटे आवाज आले आणि हायाशीसान "होल्ड" ओरडल्या. आणि ते ऐंशी लोक थांबले. अहो, थांबले म्हणजे काय! वर उचललेली तलवार वरच राहिली. एकाचा पाय हवेत होता, तो त्याने हळूच खाली टेकवला. सगळा माळ गप्प. फक्त माझे बूट आणि बर्फ.

ओकुबोसान उताणे होते. चेहरा राखाडी. घोरल्यासारखा एक आवाज, मग लांब थांबणं, मग परत आवाज. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं, माणूस झोपलाय. तो श्वास नव्हे. हृदय थांबल्यावर शरीर शेवटची धडपड करतं, ती असते ती. मानेला बोटं लावली. नाडी नाही. अकरा चोवीस.

छातीवर लोखंडी पत्रा. दाबायचं कसं? मी कात्री काढली, पण चामड्याचा पट्टा इतका जाड की कापेना. तेवढ्यात हातभर अंतरावर पडलेला एक पांढरा मेलेला उठला. त्याने काही विचारलं नाही. दोन्ही बाजूंची बक्कलं त्याने अशी काढली जशी आपण सदऱ्याची बटणं काढतो. तो पत्रा त्यानेच तर बनवला होता, ओकुबोसानसाठी, आपल्या घरच्या गॅरेजमध्ये. मी तळहात ठेवले आणि दाबायला लागले.

मी मोठ्याने मराठीतच मोजत होते. एक, दोन, तीन, चार. मंजिरी पलीकडे उभी होती, हातात निशाण तसंच.

"आई, मी काय करू?"

"रांग लाव. दोन दोन मिनिटं. ज्यांना येतं त्यांची."

तिने जपानीत सांगितलं. मला वाटलं होतं, तीन-चार जण येतील. वीस जण उभे राहिले. इथे ड्रायव्हिंग लायसन्स काढताना हे शिकवतात, हे मला नंतर कळलं. लाल, पांढरा, लाल, पांढरा, जसे जवळ होते तसे. प्रत्येकाने लोखंडी हातमोजे आधीच काढून काखेत धरलेले. एक थकला की दुसरा, मध्ये एका दाबाचाही खंड नाही. मी फक्त डोक्याशी बसून श्वास दिला आणि वेळ बघितली.

एईडी अकरा सत्तावीसला आला. मशीन जपानीत बोलतं. मंजिरी मराठीत सांगत होती, "सगळे बाजूला. शॉक." पहिला शॉक. काही नाही. परत दाबणं. अकरा एकोणतीस, दुसरा शॉक. परत दाबणं. अकरा एकतीसला माझ्या बोटाखाली दाबण्याच्या तालाबाहेरचा एक ठोका आला. मी बोट तिथेच ठेवलं. एका ठोक्यावर कधी काही बोलू नये. मग दुसरा आला, तिसरा आला. मी हात वर केला आणि दाबणारी मुलगी थांबली. दातांची डॉक्टर होती ती, पांढऱ्या गुलाबाची. तिने खाली बसून तोंड झाकून घेतलं.

डोंगरावर अँब्युलन्स यायला वेळ लागला. अकरा सेहेचाळीस. तोपर्यंत त्या ऐंशी लोकांनी वाऱ्याच्या बाजूला ढाली धरून भिंत केली होती, म्हणजे आम्हाला वारा लागू नये. मी कोणाला सांगितलं नव्हतं. युद्ध कित्येक शतकांपूर्वीचं, ढाली प्लायवूडच्या, पण मी खरी युनिटं बघितली आहेत आणि मला तिथे काही कमी वाटलं नाही.

अँब्युलन्स गेल्यावर तो पांढरा माणूस माझ्यापुढे येऊन कमरेत वाकला आणि वर येईचना. मंजिरीने समजावलं. त्याने तो घोरण्याचा आवाज ऐकला होता. दीड मिनिट तो हातभर अंतरावर पडून ऐकत होता. त्याला वाटलं, ओकुबोसान किती सुंदर मरतायत. आणि मेलेल्याने बोलायचं नाही, म्हणून तो बोलला नाही. मी त्याचे खांदे धरून त्याला सरळ केलं. म्हटलं, तू ऑर्डर पाळलीस. ऑर्डरमध्ये भोक होतं. भोक तुझं नाही. सही माझी आहे.

त्या संध्याकाळी मी राजीनामा लिहिला आणि हायाशीसानना दिला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "मेजरसान, ओकुबोसाननी सही केल्याशिवाय मी हा स्वीकारू शकत नाही. ग्रुपचे अध्यक्ष ते आहेत." मग जरा थांबून, "ओव्हर."

आठ दिवस ओकुबोसानचं काही सांगता येत नव्हतं. मी रोज मंजिरीला विचारायचे आणि ती रोज हॉस्पिटलला फोन करायची. नवव्या दिवशी त्यांनी बायकोला नावाने हाक मारली. मे महिन्यात आम्हाला भेटायला बोलावलं.

बसले होते, बारीक झाले होते, पण ताठ. आम्ही आत गेल्यावर त्यांनी पलंगावरूनच इतकं खाली वाकून माफी मागितली की मला मॉनिटरची काळजी वाटली. त्यांच्या बायकोने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि म्हणाल्या, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, हे कधी कशालाही लवकर गेले नाहीत, नेमके तिथेच गेले.

मग ओकुबोसाननी जे सांगितलं ते असं. सकाळी बसमध्येच त्यांना छातीत जड वाटत होतं. सव्वानऊला मी विचारलं तेव्हाही वाटत होतं. अकरा वीसला हात बधिर झाला. होल्ड म्हणायचं त्यांच्या मनात आलं. पण ऐंशी लोकांची वर्षभराची तयारी, बर्फही पडलेला, एका माणसासाठी सगळं थांबवायचं? त्यांना वाटलं, जरा लवकर मरू, पडून राहू, बरं वाटेल. कोणाला मेइवाकु नको. मेइवाकु म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास. इथे मुलांना चालायला शिकवतात त्याच्याही आधी हा शब्द शिकवतात.

मी म्हटलं, "ओकुबोसान, माझ्या युनिटला असतात तर मी तुम्हाला चार्जशीट दिली असती."

"हाय," ते म्हणाले. म्हणजे, हो. अगदी गंभीरपणे.

"आणि मलाही. मी तुमच्या 'दाइजोबु'वर विश्वास ठेवला. ते मी ठेवायला नको होतं. मी ते आधी एकदा ऐकलं होतं."

त्यांनी विचारलं, कोणाकडून. मी पंचेचाळीस वर्षांत हे कोणाला सांगितलं नव्हतं. मिस्टरांनाही नाही. मंजिरी दुभाष्या म्हणून बसली होती, तिलाही ते तेव्हाच कळलं.

मी चोवीस वर्षांची होते, लेफ्टनंट, उत्तरेत डोंगरातलं एक छोटं मिलिटरी हॉस्पिटल. दुपारी साडेतीनला दरड कोसळून आमची एक गाडी दरीत गेली. अकरा जवान आणले. डॉक्टर एकच, कॅप्टन, ते ऑपरेशनला उभे राहिले. बाहेर मी आणि दोन ऑर्डर्ली. ओरडा होता. कोणाची मांडी मोडलेली, कोणाचा हात. मी आवाजामागे धावत होते. भिंतीला टेकून एक जण बसला होता. त्याने बूट काढून जोडीने नीट ठेवले होते आणि स्वतःचं ब्लँकेट शेजारच्याला दिलं होतं. मी दोनदा त्याच्यापाशी थांबले. दोन्ही वेळा तो म्हणाला, "मैं ठीक हूँ सिस्टर. पहले उसको देखिए." मी त्याचं ऐकलं. पाच दहाला मी तिसऱ्यांदा गेले. तो तसाच बसलेला होता. पोटात आतल्या आत रक्तस्राव झाला होता. बाहेर एक ओरखडा नव्हता.

आमच्या मेजर मॅडम आल्या. त्यांनी बघितलं. मला एवढंच म्हणाल्या, "लेफ्टनंट, जो ओरडतो तो श्वास घेतोय. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जायचं. आता पुढचा पेशंट." आणि मी पुढच्या पेशंटकडे गेले.

मंजिरीने हे सगळं जपानीत सांगितलं. मध्ये दोनदा थांबली. ओकुबोसाननी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्यांचं नाव?"

मी सांगितलं, वय, गाव, घरी कोण, तेही. त्यांनी बायकोकडून वही मागितली, नाव लिहिलं, वाचून दाखवलं, मी सुधारलं, त्यांनी परत लिहिलं. माझा राजीनामा त्याच वहीत होता. त्यावर सही न करता त्यांनी तो मला परत दिला.

ह्या मार्चमध्ये लढाई परत झाली. नवा नियम आहे. लढाई चालू असताना मी मेलेल्यांमधून राउंड घेते आणि मी जवळून गेले की मेलेल्याने दोन बोटं वर करायची. ऐंशी लोकांनी त्याची तीन वेळा रिहर्सल केली. ओकुबोसानना मी निशाण दिलं नाही, अनफिट. ते कोट-टोपी घालून माझ्या पोस्टवर खुर्चीत बसले. मी दर वीस मिनिटांनी त्यांची नाडी बघत होते, त्यांनी काहीही सांगितलं तरी.

बारा दहाला भोंगा झाला. मेलेले उठले. दोन्ही बाजू मिसळून एका ओळीत उभ्या राहिल्या आणि ओकुबोसान पुढे गेले. ह्यांची एक पद्धत आहे, शेवटी पडलेल्यांची नावं वाचायची. त्या लढाईतल्या सरदारांची नावं इतिहासात आहेत, ती त्यांनी वाचली, लाल पांढरी असा भेद न करता. मग म्हणाले, बाकी हजारोंची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी थांबू या. सगळे थांबले.

मग त्यांनी खिशातून वहीचं पान काढलं आणि आणखी एक नाव वाचलं. हळू, एकेक अक्षर तोडून.

सिपॉय केसर सिंग. वय तेवीस. गाव पिथोरागडच्या वर, रस्ता संपल्यावर दोन तास चालून. घरी आई आणि एक बहीण.

ऐंशी लोकांनी माना खाली घातल्या. इथे तशीच रीत आहे. मी टाचा जुळवून उभी राहिले आणि मान वरच ठेवली. आमच्यात सावधानमध्ये मान खाली घालत नाहीत.